एका रॅम्पची लढाई

[दृश्य: करडा समुद्र, लांबवर बर्फ. आवाज फक्त वाऱ्याचा.]

६ जानेवारी २०१०. अंटार्क्टिकाजवळचा समुद्र. इथे जानेवारी म्हणजे ऐन उन्हाळा, पण पाण्याकडे पाहूनच हुडहुडी भरावी.

ही काळी, कोळ्यासारखी दिसणारी बोट म्हणजे 'आडी गिल'. चोवीस मीटर लांब, कार्बन फायबरची. दोनच वर्षांपूर्वी, 'अर्थरेस' या जुन्या नावानं, हिनं ६१ दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा केली होती. टपावर काही जण बसलेत. पाय पसरून, गच्चीवर बसावं तसे.

आणि जपानच्या देवमासे मारणाऱ्या ताफ्यातलं जहाज 'शोनान मारू नंबर २' वळतं.

[दृश्य: टक्कर. मूळ आवाज पाच सेकंद तसाच.]

उठायलाही धड वेळ मिळत नाही. पोलादी नाळ बोटीवर चढते आणि बोटीचं पुढचं टोक काकडीच्या देठासारखं तुटून पडतं. जहाजावरचे पाण्याचे फवारे सुरूच आहेत.

सहा माणसं होती, सगळी वाचली. एकाच्या बरगड्या मोडल्या. बोट मात्र ओढून नेताना बुडाली. बुडाली की बुडवली, यावरून पुढे तिचा कप्तान पीट बेथ्यून आणि देवमाशांची शिकार अडवणारी त्याची संघटना 'सी शेफर्ड' यांचंच जाहीर भांडण झालं.

टक्करीचं चित्रण दोन्ही बाजूंकडे होतं. सी शेफर्ड म्हणे, आम्ही थांबलो होतो. जपान म्हणे, बोटीमागे पांढरं पाणी उसळतंय ते बघा, इंजिन चालू होतं. बोट न्यूझीलंडची, म्हणून तिथल्या सागरी यंत्रणेनं चौकशी केली आणि दोन्ही कप्तानांना दोष दिला. रस्त्यावरच्या अपघातात पंच करतात तसंच.

[दृश्य: १९७५ची दाणेदार फिल्म. रबरी बोटी, मागे हार्पूनवालं जहाज.]

शिकारी जहाजांना आडवं जायची ही पद्धत सुरू झाली १९७५च्या जूनमध्ये. कॅलिफोर्नियापासून लांब समुद्रात ग्रीनपीस या पर्यावरण संघटनेची पोरं रबरी बोटी घेऊन सोव्हिएत शिकारी जहाज आणि देवमाशांच्या मध्ये शिरली. आपण मध्ये असलो तर गोळा सुटणार नाही, असा हिशोब. तो चुकला. हार्पून डोक्यावरून गेला आणि मागच्या देवमाशात घुसला. पण कॅमेरा चालू होता, आणि अमेरिकेतल्या घराघरांतल्या टीव्हीवर ते दिसलं. त्या दिवशी रबरी बोटीत पॉल वॉटसन होता. दोन वर्षांत त्याचं ग्रीनपीसशी फाटलं. तो फार आडदांड, असं त्यांचं म्हणणं. मग त्यानं सी शेफर्ड काढली आणि आडदांडपणा हेच धोरण केलं. १९७९मध्ये पोर्तुगालजवळ 'सिएरा' या शिकारी जहाजाला त्यानं सरळ धडक मारली.

[दृश्य: 'निशिन मारू'. बाजूवर पांढरी इंग्रजी अक्षरं.]

व्यापारी शिकारीवर आंतरराष्ट्रीय व्हेल आयोगानं १९८२मध्ये बंदी ठरवली, १९८६पासून ती लागू झाली. पण १९४६च्या मूळ करारात एक खिडकी होती: संशोधनासाठी देवमासे मारता येतील, आणि मारल्यावर मांस वाया घालवायचं नाही. जपाननं तीच खिडकी धरली. म्हणून या जहाजाच्या अंगावर भल्यामोठ्या अक्षरांत लिहिलंय, 'रिसर्च'. मांस जपानच्या बाजारात.

आता जहाजाच्या मागच्या बाजूकडे बघा. पाण्यात उतरणारा हा रॅम्प. लहान शिकारी जहाजं हार्पून मारतात. हार्पूनच्या टोकाला स्फोटक असतं. मेलेला देवमासा शेपटीला बांधून इथे आणतात, याच रॅम्पवरून वर ओढतात आणि डेकवर कापतात. एवढ्या ताफ्यात असं जहाज एकच. रॅम्प अडला की शिकार थांबली, कारण मारलेला प्राणी ठेवणार कुठे?

सी शेफर्डला हे कळायला थोडे हंगाम गेले. तोवर बाटल्या फेकणं चाललं होतं. बाटल्यांत ब्युटिरिक ॲसिड. कढवायचं राहून गेलेल्या लोण्याला येतो ना खवट वास, तो याचाच. फक्त शंभरपट कल्पना करा. डेक बुळबुळीत होतो, मांसाला वास लागतो. जहाजाच्या पाण्याखालच्या पंख्यात अडकावेत म्हणून दोरखंड पाण्यात सोडायचे. उलट बाजूनं पाण्याचे फवारे आणि कान फोडणारी ध्वनियंत्रं. टीव्हीवर हे सगळं झकास दिसायचं. देवमाशांना त्याचा उपयोग किती, हा प्रश्न तेव्हाही होता.

बेथ्यूननं तर कळस केला. बोट गेल्यावर महिन्याभरानं, रात्रीच्या अंधारात तो जेट स्कीवरून त्याच शोनान मारूवर चढला. कशाला? कप्तानाला अटक करायला, आणि बोटीचं तीस लाख डॉलरचं बिल हातात द्यायला. जपान्यांनी त्यालाच धरून टोकियोला नेलं. दोन वर्षांची स्थगित शिक्षा झाली आणि त्याला मायदेशी पाठवलं.

[दृश्य: वरून. निशिन मारू, तिच्या मागे चिकटून दुसरं जहाज.]

फेब्रुवारी २०११. मागचं जहाज सी शेफर्डचं, 'बॉब बार्कर'. बाटली नाही, दोर नाही. ते फक्त रॅम्पच्या मागे आहे, आणि तिथून हलत नाही. कंटाळवाणं दृश्य आहे, कबूल. पण त्या हंगामात सुमारे साडेआठशेच्या लक्ष्यापैकी १७२ देवमासे मिळाले आणि जपाननं ताफा मुदतीआधीच परत बोलावला. वॉटसनच्या आरडाओरड्यापेक्षा हा चिवट शेजार भारी पडला, असं माझं मत. पुढच्या मोहिमेसाठी जपाननं त्याच वर्षीच्या त्सुनामीच्या पुनर्बांधणी निधीतून २२८ कोटी येन वळवले. त्सुनामीग्रस्तांचा पैसा, जपानमध्येच त्यावर बोंब झाली.

सी शेफर्ड धुतल्या तांदळाची नव्हती. २०१३मध्ये अमेरिकेतल्या अपील न्यायालयानं त्यांना चक्क चाचे ठरवलं.

वर्षभरात निकाल उलट बाजूनंही लागला. ऑस्ट्रेलियानं जपानला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात खेचलं होतं. ३१ मार्च २०१४ रोजी बारा विरुद्ध चार मतांनी ठरलं, की ही शिकार 'संशोधनासाठी' म्हणता येत नाही. २००५पासून सुमारे ३,६०० मिंकी व्हेल मारले होते, आणि तज्ज्ञांनी तपासून छापलेले शोधनिबंध दोन. बारांमध्ये एक नाव आपल्या ओळखीचं: दलवीर भंडारी, कधीकाळी मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती.

जपान वर्षभर थांबला, नवी योजना आणली, पुन्हा गेला. मग २०१९च्या ३० जूनला आयोगातूनच बाहेर पडला आणि दुसऱ्याच दिवशी व्यापारी शिकार सुरू केली. अंटार्क्टिकात नाही, स्वतःच्या समुद्रात. 'रिसर्च'ची गरजच संपली.

[दृश्य: नूक बंदर, ग्रीनलंड.]

जुलै २०२४. इंधन घ्यायला थांबलेल्या जहाजावर पोलीस चढतात आणि ७३ वर्षांच्या वॉटसनला बेड्या घालतात. वॉरंट जपानचं, प्रकरण २०१०चं, जहाज तेच, शोनान मारू. पाच महिने तो कोठडीत होता. ग्रीनलंड डेन्मार्कच्या अखत्यारीत; डिसेंबरमध्ये डेन्मार्कनं त्याला जपानच्या हवाली करायला नकार दिला.

तो निघाला होता जपानच्या नव्या जहाजाला अडवायला. हे ते, 'कांगेई मारू', त्याच वर्षी कामाला लागलेलं. रॅम्प इथेही मागेच आहे. पण त्याच्या वरच्या टोकाशी बघा. निशिन मारूवर इथे उघडा डेक होता, रक्त आणि सुऱ्या हेलिकॉप्टरमधून दिसायच्या.

कांगेई मारूवर त्या जागी छप्पर आहे.