तारामाशाची ओळख कशी पटवावी

श्रोतेहो, नमस्कार.

तारामाशांच्या सुमारे १९०० जाती ज्ञात आहेत, आणि जात ठरविताना रंगावर विसंबता येत नाही. एकाच जातीत तो बदलतो आणि नमुना जतन करण्याच्या स्पिरिटमध्ये फिका पडतो. म्हणून मध्यापासून भुजेच्या टोकापर्यंतचे अंतर आणि मध्यापासून दोन भुजांमधील खाचेपर्यंतचे अंतर मोजून त्यांचे गुणोत्तर काढतात. पुन्हा सांगतो : रंग नव्हे, गुणोत्तर. त्यानंतर कडेच्या पट्टिका, त्यांवरील काटे आणि खालच्या बाजूचे नलिकापाद, म्हणजे नळीसारखे इवलेसे पाय, पाहतात.

वडोदऱ्याहून आमच्या दांडिया बाजारातील मंडळी जामनगरजवळील नरारा येथे गेली होती. कच्छच्या आखातातील या सागरी राष्ट्रीय उद्यानाला १९८२ मध्ये तो दर्जा मिळाला. वाटेत सेव-उसळीसाठी थांबल्यामुळे निम्मी ओहोटी हातची गेली. सहलीची वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यावरून ठरवावी, हे आपल्या मंडळांना कोण सांगणार! तरीही एका उथळ डबक्यात, वाळूत अर्धवट रुतलेला तारामासा निवृत्त हिशेबनीस असलेल्या काकांना दिसला आणि, "चार भुजा! नवीन जात!" असे त्यांनी जाहीर करून टाकले. वहीत नावही लिहून झाले, अर्थात स्वतःचेच. वनखात्याचा तरुण मार्गदर्शक शांतपणे म्हणाला, "काका, पहेलां ऊंधुं करीने जुओ, पछी नाम आपो." त्याने तो पाण्यातच हलकेच उलटा केला. तोंडापासून चार लांब खोबणी निघाल्या होत्या आणि पाचव्या जागी जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढा कोंब होता, ज्यावर इवलेसे नलिकापाद हलत होते. भुजा तुटली होती आणि पुन्हा वाढत होती. नलिकापादांची टोके निमुळती, चोषक म्हणजे चिकटण्याची वाटी नसलेली, कडेला काटेरी पट्टिकांची रांग. म्हणजे वाळूत राहणारी अ‍ॅस्ट्रोपेक्टेन ही प्रजाती, म्हणजे अनेक जातींचा गट. काकांनी वहीतील नाव खोडले, पण "मग आठ भुजांचा सापडला तर?" असे विचारलेच.

प्रश्न रास्त होता. ल्युइडिया मॅक्युलाटा या जातीत भुजा बहुधा आठ असतात, कधी सात, कधी नऊ. त्यामुळे भुजांची संख्या नोंदवावी, मात्र तुटलेल्या आणि वाढत असलेल्या भुजाही त्यात धराव्यात. उद्यानातून काहीही उचलून आणण्यास मनाई आहे. तेव्हा शेजारी मोजपट्टी धरून वरच्या आणि खालच्या अशा दोन्ही बाजूंची छायाचित्रे घ्यावीत, जिवंतपणीचा रंग तिथेच लिहून ठेवावा आणि प्राणी ज्या डबक्यात होता त्याच डबक्यात सुलटा करून ठेवावा. नमस्कार.