शून्य, अर्धं आणि पूर्ण तिकीट

[बेळगावजवळचं पिरनवाडी. रस्त्याकडेला उभी माणसं. खानापूरकडून येणारी बस.]

सकाळचे सव्वाआठ. खानापूरहून निघालेली बस मच्छेतच गच्च होते. पिरनवाडीला ती थांबते ती दार उघडतंय का, एवढंच बघायला. उघडलं. चारजणी चढल्या, दोन पोरं फुटबोर्डावर लोंबकळली. आतून कंडक्टरचा आवाज येतो, 'मुंद होग्री, मुंद!' पुढं व्हा म्हणतोय. पुढं कुठं, ते त्यालाही माहीत नाही.

[हात. आधार कार्ड. तिकिटाचं मशीन.]

हा हात बघा. आधार कार्डाची प्रत, लॅमिनेशनचे कोपरे उललेले. कंडक्टर नाव वाचत नाही, पत्ता वाचतो. पत्ता कर्नाटकातला असला की मशीनमधून कागद सरकतो. कुठून, कुठं, आणि भाडं शून्य. पैसे द्यायचे नसले तरी हे तिकीट घ्यावंच लागतं. कारण या शून्यांचा हिशेब मांडूनच कर्नाटकाचं परिवहन महामंडळ सरकारकडं पैसे मागतं. ११ जून २०२३ ला कर्नाटकातल्या बायकांना साध्या सरकारी बसमध्ये फुकट प्रवास देणारी 'शक्ती' योजना सुरू झाली आणि जुलै २०२५ मध्ये शून्य तिकिटांचा आकडा ५०० कोटींवर गेला.

आकडा दांडगा आहे. पण नुसती तिकिटं मोजून कळत नाही की या बायका आधी कशानं जायच्या.

[मावशी, खिडकीजवळ.]

या मावशी बेळगावच्या शहापुरात चार घरची धुणीभांडी करतात. आधी तिसऱ्या रेल्वे गेटापर्यंत वडाप, म्हणजे माणसं भरून नेणारी खासगी गाडी, पुढं चालत. पावसाळ्यात दोन घरं सोडून द्यायच्या. आता चारही घरं धरलीत. म्हणजे वडापवाल्याचं एक गिऱ्हाईक गेलं, पायपीट वाचली, कमाई वाढली. पण रस्त्यावरची एकही गाडी कमी झाली नाही. घरात दुचाकी आहे. ती मुलाची.

[उद्यमबाग. फाउंड्रीच्या गेटातून आत वळणाऱ्या दुचाकी. हे दृश्य जरा लांबू द्यावं.]

मुलगा इथं, उद्यमबागेत. आई ज्या रस्त्यानं बसमधून गेली, त्याच रस्त्यानं अर्ध्या तासानं तो आला. त्याचा हिशेब तोंडपाठ आहे. लिटरला पन्नास किलोमीटर, पेट्रोल शंभरावर, म्हणजे किलोमीटरला दोन रुपये. मागं दोस्त बसला की एकच. बसचं तिकीट माणशी, पेट्रोल गाडीमागं. हप्ता तर गाडी दारात उभी राहिली तरी भरायचाच. 'तिकीट निम्मं केलं तर?' आम्ही विचारलं. तो हसला. 'दुसरी पाळी सुटल्यावर बस कुठली? ते आधी सांगा.'

भाडं १० टक्क्यांनी हललं तर प्रवासी साधारण ३ टक्क्यांनी हलतात, हा वाहतुकीच्या अभ्यासातला जुना ठोकताळा. एस्टोनियातल्या टॅलिन शहरानं २०१३ मध्ये रहिवाशांना बस-ट्राम फुकट केली. प्रवासी वाढले, पण त्यांत आधी पायी जाणारे बरेच निघाले. उलट स्टॉकहोमनं २००६ मध्ये शहरात शिरणाऱ्या मोटारींवरच आकार लावून बघितला. त्या हद्दीवरची वाहतूक सुमारे २० टक्क्यांनी घटली. बेळगावच्या गणपत गल्लीत रस्त्याकडेला लावलेल्या या दुचाक्यांकडं जागेचं भाडं मागून बघा! बसचं तिकीट कमी करायला सगळे तयार असतात, गाडीवर आकार लावायचं नाव कोणी काढत नाही.

[शिनोळी. वेंगुर्ला रस्ता, लाल परी.]

शिनोळी. इथून चंदगड तालुका, म्हणजे महाराष्ट्र. थांब्यावर दोघीजणी उभ्या आहेत. दोघींची भाषा एक, माहेर-सासरही या हद्दीच्या आरपार. पण भाव निराळा. बेळगावकडच्या पत्त्यावर कर्नाटकाच्या साध्या बसला शून्य. चंदगडच्या पत्त्याला ते नाही. तिला एसटीत १७ मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट, तेही राज्याच्या हद्दीपर्यंतच. पुढं पूर्ण. दर बदलला की माणसं कशी हलतात हे तपासायला याहून बरी जागा कुठली सापडायची? एकाच रस्त्यावर तिन्ही भाव.

जानेवारी २०२५ मध्ये कर्नाटकानं तिकीट १५ टक्क्यांनी वाढवलं, त्याच महिन्यात महाराष्ट्रानं १४.९५. शून्यवाल्यांना झळ नाही, बाकीच्यांना बसली. फेब्रुवारीत भाषेच्या वादावरून दोन्हीकडच्या बस काही दिवस सीमेवरच अडल्या. त्या दिवसांचं चित्रण आमच्याकडं नाही.

[संध्याकाळ. आरपीडी चौक.]

सहा वाजून वीस. मावशी अर्धा तास उभ्या आहेत. पहिली बस भरून गेली, थांबलीच नाही. दुसरी थांबली, पण दारापर्यंत पोचेतो सुटली. हातात आधार कार्ड तसंच. त्यांनी पदराला हात पुसले आणि मुलाला फोन लावला.

[दुचाकी येते. मावशी पिशवी मांडीवर घेऊन मागं बसतात.]