गुण कशाला द्यायचे? गल्लीतल्या स्पर्धा आणि आपला शेजार

नमस्कार मंडळी. आजचा विषय प्रश्नाच्या रूपात दिलेला आहे: गल्लीतल्या, सोसायटीतल्या, मंडळामंडळांतल्या स्पर्धांनी शेजार घट्ट होतो का? होतो, असं माझं ठाम मत आहे. पण एका अटीवर. गुण कशाला मिळणार, हे आधी नीट ठरलेलं पाहिजे. बक्षिसाची रक्कम, प्रमुख पाहुणे, फ्लेक्स यांपेक्षा परीक्षकाच्या हातातला गुणांचा तक्ता शेजार घडवतो किंवा बिघडवतो.

दिवाळीतल्या किल्ल्यांपासून सुरुवात करतो, कारण तिथे मी परीक्षक म्हणून वरचेवर जातो. एका जुन्या इमारतीच्या मागच्या अंगणात मुलांनी राजगड केला होता. माती शेजारच्या बांधकामावरून मागून आणलेली, आत विटांचे तुकडे, वर चिखलात बुडवलेली पोती. आळीव पेरलेले, ते चांगले बोटभर उगवलेले. मावळे कुंभारवाड्यातून आणलेले, त्यांतल्या दोघांच्या तलवारी मोडलेल्या. मी विचारलं, "सुवेळा माची कोणी केली?" एका प्रश्नाला सगळी पोरं एकदम बोलायला लागली. तिसऱ्या मजल्यावरचे काका राजगडावर जाऊन आलेले, त्यांनी माचीचा आकार काढून दिला. तळमजल्यावरच्या आजी चिखलावरून रागावल्या, पण पाणी त्यांच्याच नळाचं. पायऱ्यांना गेरू लावला तो वॉचमनकाकांच्या मुलीने. संजीवनी माची ढासळली, तेव्हा रात्री कुणाचे तरी बाबा बॅटरी धरून उभे राहिले. त्या उत्तरात अख्खी इमारत आली.

त्याच संध्याकाळी दुसऱ्या एका मोठ्या सोसायटीत गेलो. किल्ला कारागिराकडून करून घेतलेला, अतिशय सुबक, दिवे, कारंजं, सगळं. मुलं नवे कपडे घालून बाजूला उभी. महादरवाजा कुठला, असं विचारल्यावर एक मुलगा आईकडे बघायला लागला. मग हळूच म्हणाला, "परीक्षक येईपर्यंत हात लावायचा नाही, असं सांगितलंय." आम्हाला दिलेल्या तक्त्यात सुबकतेला सर्वांत जास्त गुण होते आणि मुलांच्या सहभागाला सर्वांत कमी. पहिला नंबर याच किल्ल्याला गेला. तक्त्याने जे मागितलं, ते त्या सोसायटीने दिलं. तिथल्या पालकांना मी दोष देणार नाही.

गणेशोत्सवातही हेच दिसतं. पुण्याच्या पेठांमध्ये जिवंत देखाव्यांची परंपरा आहे. दहा-पंधरा मिनिटांचा प्रसंग, संवाद आधी ध्वनिमुद्रित केलेले, आणि गल्लीतलीच पोरं-पोरी, बँकेतले, दुकानातले, कॉलेजातले, रात्री पुन्हा पुन्हा तो करतात. त्याच्या तालमी महिनाभर आधी सुरू होतात. कुणाची तरी गच्ची लागते, शालू लागतो, चहा लागतो. अशा देखाव्याला बक्षीस मिळालं, तर ते महिनाभराच्या शेजाराला मिळतं. आयता सेट आणि भाड्याची रोषणाई यांनाही रसिक लोक दाद देतात, देऊ देत. पण स्थानिकांच्या सहभागाला तक्त्यात स्वतंत्र रकाना नसेल, तर ज्या मंडळाकडे माणसं आहेत आणि वर्गणी नाही, ते दरवर्षी मागे पडणार. दोन-तीन वर्षांत तेही वर्गणी वाढवायच्या मागे लागणार. मग माणसं राहतात बाजूला.

आता चुरस कुठे नासते ते बघू. अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यात मुझफर शेरीफ या मानसशास्त्रज्ञाने 1954 साली 22 मुलांचं शिबिर घेतलं. एकमेकांना न ओळखणारी, सारख्याच घरांतली मुलं. त्यांचे दोन गट केले, सामने लावले, बक्षिसं ठेवली. थोड्याच दिवसांत झेंडे जाळण्यापर्यंत आणि एकमेकांच्या खोल्या लुटण्यापर्यंत मजल गेली. नुसतं एकत्र जेवायला बसवून ते भांडण मिटलं नाही, उलट जेवणच फेकाफेकीत गेलं. मिटायला लागलं ते दोन्ही गटांना मिळूनच करावी लागतील अशी कामं आल्यावर. पाण्याचा पुरवठा बंद पडला, तो सगळ्यांनी मिळून शोधून सुरू केला. ट्रक अडला, तो सगळ्यांनी ओढला.

आपल्या सोसायट्यांत ए विंग विरुद्ध बी विंग असे क्रिकेटचे सामने होतात. वर्षभर लिफ्टवरून आणि पार्किंगवरून जी कुरबुर असते, तिलाच आपण जर्सी घालतो. त्याऐवजी चिठ्ठ्या टाकून संघ पाडा. ए विंगचा गोलंदाज आणि बी विंगचा यष्टिरक्षक एका संघात आले की वाकड-खराडीला नव्याने राहायला आलेल्या माणसालाही तीन-चार नावं कायमची कळतात.

आयर्लंडमध्ये 1958 पासून टायडी टाउन्स नावाची स्पर्धा चालू आहे. गावं, शहरं नीटनेटकी ठेवण्याची. तिच्यातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. भाग घेणाऱ्या प्रत्येक गावाला परीक्षकाचा लेखी अहवाल मिळतो: काय चांगलं झालं, पुढे काय करता येईल. गुण देताना गावातल्या लोकांच्या सहभागाचाही वेगळा विचार होतो. म्हणजे शेवटच्या नंबरच्या गावालाही पुढच्या वर्षीचं काम हातात मिळतं. आपल्याकडे उत्तेजनार्थ बक्षीस म्हणून एक ट्रॉफी मिळते आणि ती कपाटात जाते.

आपल्याच राज्यात पाणी फाउंडेशनची, गावांनी मिळून पाणी अडवण्याची वॉटर कप स्पर्धा 2016 साली तीन तालुक्यांत सुरू झाली. पहिल्या वर्षी साताऱ्यातल्या कोरेगाव तालुक्यातलं वेळू जिंकलं, ते सर्वांना माहीत झालं. पण ज्या गावांना काहीच मिळालं नाही, त्यांच्या शिवारातही बांध घातले गेले होते, चर खणले होते. हरल्यावरही गावाकडे काहीतरी उरावं, अशी ती रचना होती.

पुण्यात याचा सरळ उपयोग कचऱ्यात आहे. ओला-सुका वेगळा ठेवण्याच्या स्पर्धा सोसायट्यांमध्ये होतात. परीक्षक येतात त्या दिवशी बादल्या लखलखतात. माझी आग्रहाची विनंती आहे, की रोज दारात येणाऱ्या 'स्वच्छ' सहकारी संस्थेच्या ताईंना परीक्षक करा. कुठल्या मजल्यावर सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून वेगळं देतात आणि कुठे ते ओल्या कचऱ्यात येतं, हे त्यांच्याइतकं कोणालाही ठाऊक नाही. वर्षभराचे गुण त्या देतील. आणि त्या निमित्ताने त्यांचं नाव विचारलं जाईल, जे बऱ्याच घरांना आजही माहीत नाही.

येत्या दिवाळीसाठी ज्या मंडळांनी माझ्याकडे किल्ल्यांचा तक्ता मागितला, त्यांना मी तीन गोष्टी लिहून दिल्या आहेत. निम्मे गुण किल्ला कोणी आणि कसा केला याला. शेजारच्या दोन इमारतींनी मिळून एक किल्ला केला, तर त्याला वेगळे गुण. आणि निकाल दिवाळी संपल्यावर पंधरा दिवसांनी. किल्ल्याची माती फुटपाथवर पडली की सोसायटीच्या झाडांना गेली, ते पाहून मगच शेवटचे दहा गुण द्यायचे.