काठी, वासरू आणि वही

डिसेंबरात सोलापूरच्या काही गल्ल्यांमध्ये रात्रीची जेवणे आटोपली की उंच काठ्या बाहेर निघतात. सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा संक्रांतीला असते, पण नंदीध्वज, म्हणजे यात्रेत मिरवल्या जाणाऱ्या या उंच काठ्या, पेलण्याचा सराव त्याच्या कितीतरी आधी सुरू होतो. समोर दिसणारा मुलगा अकरा वर्षांचा आहे आणि त्याच्या हातात सरावाची लहान काठी आहे. त्याचे पाय पाहा. एक पाऊल पुढे टाकून तो थांबतो, कमरेला बांधलेल्या पट्ट्यावर भार घेतो, नजर शेंड्यावर ठेवतो आणि काठी झुकू लागली की आधी गुडघा व मग खांदा हलवून तोल सावरतो. मागे उभे असलेले त्याचे काका फारसे बोलत नाहीत. "कमरेत वाकू नको," एवढे एकच वाक्य त्या रात्री आम्ही चार-पाच वेळा ऐकले. काठी का उचलायची, हे त्यांनी त्याला एकदाही सांगितले नाही. आम्ही मुलालाच विचारले, तेव्हा तो म्हणाला, "आमच्यात उचलतात."

माणसाला एखादी गोष्ट आधी पटते आणि मग तो तसा वागू लागतो, असे आपण सहसा धरून चालतो. या मुलाकडे पाहताना क्रम उलटा दिसतो. आधी खांदा शिकतो, मग पाय शिकतात, शेजारी उभ्या असलेल्या आपल्या माणसांचा श्वास आपल्या श्वासात मिसळतो, आणि पुढे केव्हातरी, कोणी मुद्दाम विचारले तर, त्या सवयीला श्रद्धा हे नाव मिळते. यात्रेत संमती कट्ट्यावर सिद्धेश्वरांचा प्रतीकात्मक विवाह लागतो, त्या अक्षता सोहळ्यातही हेच दिसते. तिथले संमतीवाचन कन्नडमध्ये होते. पांढरी बाराबंदी घातलेल्या त्या गर्दीत मराठी आणि तेलुगू बोलणारी घरेही असतात. शब्द न् शब्द सगळ्यांना कळतोच असे नाही, पण अक्षता टाकणारा हात एकाचाही चुकत नाही.

सिद्धेश्वर मंदिराभोवतीचे हे तळेही पाहा. सिद्धेश्वर म्हणजेच सिद्धरामेश्वर, बाराव्या शतकातले, बसवेश्वरांच्या काळातले. त्यांनी भक्तांना बरोबर घेऊन हे तळे खोदले, असे परंपरा सांगते. कुदळ हाती घेतलेल्या माणसाची निष्ठा प्रवचन ऐकणाऱ्याच्या निष्ठेहून खोल रुजते, हे त्या काळच्या संतांनी ओळखले होते, असे आम्हाला मनापासून वाटते.

भीतीचेही असेच होते. 15 जानेवारी 1934 रोजी, म्हणजे संक्रांतीच्या सुमारासच, बिहार आणि नेपाळला मोठा भूकंप झाला. जिथे जमीन हादरली पण घरे शाबूत राहिली, अशा भागांत त्यानंतर याहून भयंकर संकट येणार असल्याच्या अफवा पसरल्या. जमुना प्रसाद या मानसशास्त्रज्ञाने त्या अफवा गोळा करून अभ्यासल्या. पुढे लिऑन फेस्टिंगर या अमेरिकी संशोधकाच्या वाचनात हा अभ्यास आला आणि त्याला प्रश्न पडला, की आधीच घाबरलेली माणसे आणखी घाबरवणाऱ्या बातम्यांवर विश्वास का ठेवतात? त्याने शोधलेले उत्तर असे, की भीती मनात अगोदर शिरलेली होती आणि डोळ्यांपुढे पडझड नव्हती, म्हणून मनाने त्या भीतीला साजेसे कारण मिळवले. मनातल्या अशा विसंगतीविषयीचा त्याचा सिद्धांत 1957 साली प्रसिद्ध झाला.

आता यात्रेतली होम मैदानावरची रात्र. दिवसभर उपाशी ठेवलेले वासरू आणले जाते आणि त्याच्यापुढे धान्य, गूळ असे जिन्नस मांडले जातात. ते मूत्रविसर्जन करते का, बिचकते का, कशाला तोंड लावते, यावरून येत्या वर्षाचा पाऊस, शांतता आणि भाव सांगितले जातात. हीच भाकणूक. ऐकणाऱ्यांचे चेहरे आम्ही बराच वेळ टिपले आहेत. त्यावर आम्ही काही बोलणार नाही.

उत्तर सोलापूर तालुक्यातला एक कोरडवाहू शेतकरी त्या गर्दीत होता. भाकणूक कधी चुकत नाही, असे त्याने ठामपणे सांगितले आणि खरी ठरलेली तीन वर्षे पाऊस-पाण्यासह मोजून दाखवली. तो खोटे बोलत नव्हता. पीटर वेसन या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने 1960 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात लोकांना 2, 4, 6 हे आकडे देऊन त्यांमागचा नियम शोधायला सांगितले होते. स्वतःचे आकडे सुचवायचे आणि ते नियमात बसतात की नाही, हे विचारायचे. बहुतेकांच्या मनात नियम आधीच ठरला होता, दोनदोनने वाढणारे आकडे. म्हणून ते 8, 10, 12 असेच काही विचारत राहिले आणि प्रत्येक वेळी 'बरोबर' हे उत्तर ऐकत राहिले. खरा नियम फक्त चढत्या क्रमाचा होता. आपला अंदाज मोडेल असे आकडे, उदाहरणार्थ 1, 2, 7, विचारायला फार थोडे धजावले. ती माणसे शिकलेली होती. म्हणून शेतकऱ्याला अडाणी म्हणणाऱ्यांशी आम्ही सहमत नाही.

याच शेतकऱ्याची मुलगी बारावीत शिकते. शंभर पानी वहीत तिने पट्टीने रेघा मारून तीन रकाने पाडले आहेत, भाकणूक, पाऊस आणि बाजार समितीतला कांद्याचा भाव. जुनी वर्षे तिने आजीला विचारून आणि घरातल्या पावत्या चाळून भरली. वडिलांना ती म्हणाली, "आप्पा, न जुळलेली वर्षंपण सांगा की." ते बराच वेळ गप्प राहिले. मग त्यांनी दोन वर्षे सांगितली, आणि थोड्या वेळाने तिसरे.

त्या हंगामात त्यांनी कांद्याखालचे रान निम्मे केले आणि उरलेल्यात तूर पेरली.

यात्रेला ते आजही जातात आणि वासरापुढे हात जोडतात. यंदा काय सांगितले गेले, ते मुलीने त्याच रात्री पहिल्या रकान्यात लिहून ठेवले आहे. पुढचे दोन रकाने दिवाळीपर्यंत कोरे राहतील.