घरचं माणूस परतलं नाही तर

नमस्कार श्रोतेहो. दिवेलागणीची वेळ आहे. एकदा मनातल्या मनात घरातली माणसं मोजून बघा. सगळी आलीत? मग निवांत ऐका.

आज बोलायचंय ते न आलेल्या माणसाबद्दल. गेलेलं माणूस परतलं नाही, फोन लागत नाही, अशा वेळी काय करायचं? दोन गोष्टी आधीच सांगून ठेवते, आणि त्या पुन्हा पुन्हा सांगणार आहे. पहिली, थांबू नका. दुसरी, लपवू नका.

चोवीस तास झाल्याशिवाय पोलीस तक्रार घेत नाहीत, असं आपल्याकडं आजीपासून कॉलेजच्या पोरांपर्यंत सगळे सांगतात. असा कायदा नाही. 24 तास थांबायचा नियम कुठंही नाही. तासाभरात गेलात तरी नोंद घ्यायलाच हवी. हा गैरसमज आमच्याच घरात होता, तेव्हा आधी तेच सांगते.

तात्या माझे सख्खे चुलते. तासगाव डेपोला 30 वर्षं कंडक्टर होते. 2023 सालचा ऑक्टोबर, द्राक्षछाटणीची धांदल. त्या दिवसांत तासगावात घराघरांतली माणसं बागेत असतात. सकाळी साडेसहाला तात्या खांद्याला पिशवी अडकवून बाहेर पडले. काकूंना वाटलं, कोपऱ्यावरच्या मारुतीला गेले असतील. आठ वाजले, दुसऱ्यांदा केलेला चहाही गार झाला, तात्यांचा पत्ता नाही.

दादा, म्हणजे माझा चुलतभाऊ, बागेतून धावत आला. देऊळ पाहिलं, बाजारपेठ पाहिली, दोन्ही लेकींच्या घरी फोन झाले, आणि शेवटी बागेतली विहीर. विहिरीत वाकून बघताना पाय लटपटत होते, हे दादानं मला सहा महिन्यांनी सांगितलं. तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, देवऋष्याकडं जा, तो दिशा सांगतो. तेही झालं. त्यानं मावळतीला बोट दाखवलं आणि मोटारसायकली मावळतीला सुटल्या. दीड तास गेला. या दिशा सांगणाऱ्यांवर माझा राग आहे, श्रोतेहो. घाबरलेल्या घरातले मोलाचे तास घेऊन जातात ही माणसं.

दुपारी एकला दादा पोलीस ठाण्यात गेला, तोही शेजारच्या मास्तरांनी हाताला धरून नेलं म्हणून. तो सकाळपासून एकच म्हणत होता, "उद्यापर्यंत थांबावं लागतंय." हवालदारांनी विचारायला सुरुवात केली. वय? 78. अंगावर काय? सदरा. कुठल्या रंगाचा? आठवेना. दिलेला फोटो दादाच्या लग्नातला, डोक्याला फेटा, 20 वर्षांपूर्वीचा. मग त्यांनी विचारलं, "काही आजार? विसरतात का?"

दादा म्हणाला, "छे, ठणठणीत आहेत."

काकू मागं दाराला धरून उभ्या होत्या. त्या पुढं आल्या. म्हणाल्या, "साहेब, विसरतात. गेल्या दिवाळीपासून मला वहिनी म्हणतात."

घरात हे सगळ्यांना माहीत होतं. म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय असं गाव म्हणेल, या भीतीनं आम्ही ते उंबऱ्याच्या आत दाबून ठेवलं होतं. मीसुद्धा. एका डॉक्टरकडं नेलं नव्हतं त्यांना.

हवालदारांनी पेन खाली ठेवलं आणि वेगळंच विचारलं. "नोकरी कुठं केली? रोजची वाट कुठली?" काकू म्हणाल्या, "एसटीत. पंढरपूरची गाडी, सकाळची." त्यांनी तिथूनच डेपोला फोन लावला. डेपोतून वाटेवरच्या स्टँडांना फोन गेले: कवठेमहांकाळ, सांगोला, पंढरपूर.

सांगोल्याच्या स्टँडवरचे वाहतूक नियंत्रक म्हणाले, "अहो, एक आजोबा इथं बसलेत. तिसऱ्यांदा खिडकीशी आले. म्हणतात, साहेब, वेबिलावर सही राहिली."

वेबिल म्हणजे कंडक्टरचा फेरीच्या हिशोबाचा कागद. स्टँड आलं की खिडकीशी जाऊन त्यावर नोंद करून घ्यायची. बायकोला विसरलेला माणूस ही सही विसरला नव्हता. 2022 पासून 75 वर्षांवरच्यांना एसटीचा प्रवास मोफत आहे. खिशातलं कार्ड दाखवून तात्या पंढरपूरच्या गाडीत बसले, सांगोल्याला सवयीनं सहीसाठी उतरले आणि गाडी पुढं गेली. नियंत्रकांनी त्यांना चहा दिला, बसवून ठेवलं, कार्डही पाहिलं. कार्डावर पत्ता होता, फोन नंबर नव्हता. कुणाला कळवावं या विचारात ते होते, तोवर डेपोचा फोन आला.

संध्याकाळी दादा जीप घेऊन गेला. तात्यांनी त्याला ओळखलं की नाही, देव जाणे. जीपमध्ये बसल्यावर मात्र म्हणाले, "पुढं सरका, मागं जागा होऊ द्या."

काकूंचं ते एक वाक्य सकाळी आठला ठाण्यात पोचलं असतं तर पाच तास वाचले असते. म्हणून म्हणते, थांबू नका, लपवू नका.

आता नियम, भराभर. मोठं माणूस हरवलं तर ठाण्यात 'मिसिंग' दाखल होते. नोंदीचा क्रमांक आणि तपास ज्यांच्याकडं आहे त्यांचं नाव, फोन लिहून घ्या. मूल 18 वर्षांखालचं असेल तर नुसत्या नोंदीवर भागत नाही. अपहरण झालं असं धरून गुन्हाच नोंदवायचा, असं सर्वोच्च न्यायालयानं 10 मे 2013 रोजी बचपन बचाओ आंदोलनाच्या खटल्यात सांगितलंय. 17 वर्षांची मुलगी 'पळून गेली असेल, येईल परत' असं कुणी म्हणालं, तरी गुन्हा नोंदवायचाच. मोठं माणूस स्वतःच्या मर्जीनं गेलं असेल, तर ते सुखरूप आहे एवढंच पोलीस तुम्हाला सांगतील. पत्ता द्यायचा की नाही, हे त्या माणसाच्या हाती.

ठाण्यात जाताना अलीकडचा, रोजच्या कपड्यांतला फोटो न्या. अंगावर काय होतं, पायात काय होतं, गोंदण, जुना व्रण, बोलायची ढब, जुन्या नोकरीची जागा, सगळं सांगा. जे सांगायला जीभ रेटत नाही तेही सांगा: रात्रीचं भांडण, कर्ज, औषधं, प्रेमप्रकरण. आणि एकानं सिव्हिल हॉस्पिटलला जाऊन यावं. मन धजत नाही, तरी जावं.

फोटोवरून आठवलं. पूर्वी मुंबई दूरदर्शनवर 'आपण यांना पाहिलंत का' लागायचं. हातात घास धरून आम्ही ते चेहरे बघत बसायचो. आता चौकाचौकांत वाढदिवसांचे फ्लेक्स एवढे, की बघायची सवयच मोडली. त्यातली हातभर जागा हरवलेल्यांच्या फोटोंना मिळाली पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. आणि मुलांना आईचा फोन नंबर पाढ्यासारखा पाठ हवा. आमच्या वेळी पत्ता पाठ असायचा, शाळेच्या पहिल्या आठवड्यात.

कागद-पेन्सिल घ्या. कुठल्याही तातडीला 112, एक-एक-दोन. मुलांसाठी 1098, एक-शून्य-नऊ-आठ. ज्येष्ठांसाठी 14567, एक-चार-पाच-सहा-सात. रेल्वेत किंवा स्टेशनवर 139, एक-तीन-नऊ. पुन्हा सांगते: 112, 1098, 14567, 139.

एकटं मूल सापडलं तर मायेपोटीसुद्धा घरी ठेवून घेऊ नका. पोलीस, 1098 किंवा बालकल्याण समितीला 24 तासांच्या आत कळवणं 2015च्या बालन्याय कायद्यानं बंधनकारक आहे. रस्त्यावर जटा वाढलेला, स्वतःशी बोलणारा माणूस दिसला, तर त्याचीही कुठंतरी वाट बघितली जात असेल. डॉ. भरत वाटवानी यांची श्रद्धा रिहॅबिलिटेशन फाउंडेशन कर्जतला अशा माणसांवर उपचार करून त्यांना घरी पोचवते. त्या कामासाठी त्यांना 2018 साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

आणि माणूस सापडलं की ठाण्यात कळवा, व्हॉट्सॲपवरही 'सापडले' असं तारखेसकट टाका. तात्यांचा तो फेट्यातला फोटो आम्ही बिनतारखेचा सोडला होता. तो अजून फिरतोय. गेल्या महिन्यात नागपूरहून एका बाईंचा फोन आला, "काका मिळाले का हो तुमचे?" काकूंनी सांगितलं, "मिळाले, बाई. ओसरीवर बसलेत, आत्ताच चहा दिलाय." आता तात्यांच्या प्रत्येक सदऱ्याच्या कॉलरीला आतून काकूंनी स्वतःचा फोन नंबर दोऱ्यानं शिवलाय.