कोमट दुधाची वेळ

श्रोते हो, नमस्कार.

निवृत्तीनंतरच्या दिवसांतील लहान लहान सुखांविषयी बोलावे, असे मला सांगण्यात आले, तेव्हा मला सर्वांत आधी घरातला चिनी मातीचा सट आठवला. त्या सटात आमच्याकडे दही लागते, आणि गेली कित्येक वर्षे ते मी लावतो. आज मी आपल्याशी त्या दह्याविषयीच बोलणार आहे.

मी एसटीत वाहतूक नियंत्रक होतो. कराड, फलटण आणि शेवटी सातारा, अशा स्थानकांवर माझी ३६ वर्षांची नोकरी झाली. कोणती गाडी कोणत्या फलाटावर लागली आहे ते ध्वनिक्षेपकावरून सांगायचे, वाहकाच्या कागदावर वेळ घालून सही करायची, आणि खिडकीशी येणाऱ्या प्रत्येकाला त्याची गाडी केव्हा येईल याचे उत्तर द्यायचे, हे माझे काम होते. १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला पहिली एसटी धावली, आणि तेव्हापासून हे सारे जग वेळापत्रकावर चालत आले आहे. त्या जगात वाट पाहणे ही प्रवाशाची तक्रार असते आणि ती दूर करणे हे नियंत्रकाचे कर्तव्य असते. त्यामुळे वाट पाहण्यातही काही सुख असू शकेल, असा विचार नोकरीच्या काळात माझ्या मनाला कधी शिवला नाही. तो विचार मला दह्याने शिकवला.

(येथे जाता जाता एक सांगतो. स्थानकावरची घोषणा करताना गाडी ज्या ज्या गावांवरून जाणार, त्या सर्व गावांची नावे घेतली पाहिजेत, असे माझे आजही ठाम मत आहे. आपल्या लहानशा गावाचे नाव मोठ्या स्थानकावर ऐकू आले की म्हातारा माणूस निर्धास्तपणे पिशवी उचलतो. ते मी शेकडो वेळा पाहिलेले आहे.)

२०११ साली मी निवृत्त झालो. सकाळी टेकडीवरच्या ‘चार भिंती’ या स्मारकापर्यंत चढून जावे, तेथून अजिंक्यताऱ्याच्या कुशीतले शहर पाहावे, येताना भाजी आणावी, वर्तमानपत्र अथपासून इतिपर्यंत वाचावे, ही सुखे मला लगेच मिळाली आणि ती आजही टिकून आहेत. परंतु दिवसाचा उरलेला भाग मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी उभा राहून काढत असे. महिनाभराने माझी पत्नी मला म्हणाली, “अहो, नुसते मागेपुढे करू नका. एक काम घ्या आणि ते तुमचेच समजा.” मी दही लावण्याचे काम घेतले.

तिच्या त्या वाक्याविषयी मला निवृत्त पुरुषांना आग्रहाने सांगावेसे वाटते. बायकोला मदत करतो, असे आपण म्हणतो, पण मदत करणाऱ्याला प्रत्येक गोष्ट विचारावी लागते आणि सांगणारीचा त्रास दुप्पट होतो. त्यापेक्षा एकच काम घ्यावे, मग ते पाणी भरण्याचे असो की डाळ-तांदूळ निवडण्याचे, आणि ते काम चुकले तर ती आपली चूक मानावी. काम आपले झाले म्हणजे त्यातले सुखही आपले होते.

दही कसे लावायचे, हे आपणा सर्वांना माहीत आहे. त्यामुळे मी फक्त दोनच गोष्टी सांगतो. पहिली गोष्ट, दूध कोमट हवे. दुसरी गोष्ट, विरजण लावले की भांडे हलवायचे नाही. दूध चांगले उकळून घ्यावे, कारण उकळण्याने दुधातील काही प्रथिनांचे रूप बदलते आणि दही अधिक घट्ट लागते. मग ते निवू द्यावे. विरजणातील जिवाणूंना साधारण ४० अंश सेल्सिअसची ऊब मानवते. तेवढ्या उबेत ते दुधातल्या साखरेचे आम्ल करतात आणि त्या आम्लामुळे केसीन नावाचे प्रथिन एकमेकाला धरून त्याची जाळी तयार होते. ती जाळी म्हणजेच दही. दूध फार गरम असेल तर जिवाणू मरतात, फार गार असेल तर ते सुस्तावतात, आणि जाळी विणली जात असताना भांडे हलवले तर ती तुटून पाणी सुटते. म्हणून पुन्हा सांगतो, दूध कोमट हवे आणि भांडे हलवायचे नाही. कोमट म्हणजे किती, ते करंगळी सांगते. करंगळी दुधात बुडवून शांतपणे दहापर्यंत अंक मोजता आले पाहिजेत.

दूध उकळल्यापासून ते कोमट होईपर्यंतचा जो पाऊण तास असतो, तो माझ्या दिवसातला सर्वांत आवडता वेळ आहे. त्या वेळात मी ओट्याशेजारी खुर्ची घेऊन बसतो. दुधावर साय धरते, तिला सुरकुत्या पडतात, बाहेर रस्त्यावरची वर्दळ कमी होत जाते. त्या पाऊण तासात मला घाई करता येत नाही, कारण घाई केल्याने दूध लवकर निवत नाही. ३६ वर्षे मिनिटामिनिटाचा हिशेब ठेवलेल्या माणसाला हे केवढे सुख आहे, ते मी शब्दांत सांगू शकत नाही.

आता मला जी गोष्ट सांगायची आहे, ती २०१६ सालच्या डिसेंबरमधली आहे.

आमच्या घरचे विरजण पत्नीच्या माहेरचे आहे. तिचे माहेर मेढ्याच्या पुढे, केळघरच्या बाजूला, एका लहान गावात आहे. १९७९ साली आमचे लग्न झाले, तेव्हा तिच्या आईने पाठवणीच्या वेळी इतर सामानाबरोबर विरजणाची एक पितळी डबी, आतून कल्हई केलेली, तिच्या हातात दिली. तेव्हापासून रोजच्या दह्यातले चमचाभर दही दुसऱ्या दिवसासाठी बाजूला ठेवायचे, या रीतीने ते विरजण आमच्याकडे चालत राहिले. माझी बदली कराडला झाली, फलटणला झाली, पुन्हा साताऱ्याला झाली, आणि दर वेळी सामानाच्या ट्रकबरोबर न पाठवता ती डबी पत्नीने मांडीवर घेऊन नेली. सासूबाई गेल्या, त्यालाही त्या डिसेंबरमध्ये सहा वर्षे झाली होती.

आमची मुलगी नागपूरला असते. तिच्या दुसऱ्या बाळंतपणाच्या वेळी मोठ्या नातवाची शाळा चालू होती. म्हणून ती इकडे न येता तिची आईच तिकडे गेली. मी घरी एकटा होतो. एके रात्री दूध नुकतेच उकळून खाली उतरवले होते आणि फोन वाजला. नात झाली होती. मुलगी आणि बाळ दोघीही सुखरूप होत्या. फोनवर मला बाळाच्या रडण्याचा आवाज ऐकवला. मी परत ओट्याशी आलो, तेव्हा डोळ्यांत पाणी होते आणि मन जागेवर नव्हते, आणि त्या आनंदात मी वाटीतले सगळे विरजण त्या कढत दुधात घातले आणि झाकण लावून झोपलो.

सकाळी झाकण काढले तर सटात दूधच होते. तळाशी दह्याचे चार पांढरे कण पडलेले होते. बाजूला ठेवलेले विरजण उरले नव्हते, कारण आदल्या दिवशी दुपारी मी दहीभातात बाकीचे सगळे दही संपवले होते. शेजारच्या दोन्ही घरांत दही दुकानातून डब्यात बंद होऊन येत असे, त्यामुळे आमचे विरजण कोणाकडे गेलेलेही नव्हते. ३७ वर्षे अखंड चालत आलेली गोष्ट माझ्या हातून एका रात्रीत थांबली होती. दुकानातले दही आणून नवे विरजण करता आले असते आणि तेही काही वाईट झाले नसते, परंतु सासूबाईंच्या हातचे म्हणून जे काही आमच्या घरात रोज ताजे होत असे, ते तेवढे एकच होते.

दोन दिवस मी कोणाला काही बोललो नाही. तिसऱ्या दिवशी मी पत्नीच्या माहेरी, तिच्या वहिनींना फोन केला आणि घडले ते सर्व सांगितले. त्या क्षणभर गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, “दाजी, काळजी करू नका. आईंचंच विरजण आहे आपल्याकडं, अजून मोडलेलं नाही. उद्या पहाटेच्या मुक्कामी गाडीनं डबी देते.”

मुक्कामी गाडी म्हणजे रात्री खेड्यात वस्तीला राहून पहाटे शहराकडे निघणारी गाडी. माझ्या नोकरीच्या काळात या गाड्यांबरोबर शहरात शिकणाऱ्या मुलांचे जेवणाचे डबे येत. आईने पहाटे उठून केलेली भाकरी, फडक्यात बांधलेली, नाव लिहिलेली. मुले खिडकीशी येऊन विचारीत, “साहेब, आमची गाडी आली का?” आणि मी मान वर न करता उत्तर देत असे, “आली की कळेल.” ते माझे शब्द मला त्या दिवशी फार आठवले.

गाडीची वेळ साडेसातची होती. मी सहा वाजताच स्थानकावर गेलो. थंडी चांगलीच होती. नियंत्रक कक्षात बसलेला तरुण माझ्याच हाताखाली शिकलेला होता. त्याने खुर्ची पुढे केली, आत बसण्याचा आग्रह केला, परंतु मी बाहेर फलाटावरच्या बाकावर जाऊन बसलो. इतक्या वर्षांत त्या बाकावर मी कधी बसलो नव्हतो. माझ्या एका बाजूला पाटीत मेथीच्या जुड्या घेतलेली एक बाई होती आणि दुसऱ्या बाजूला डब्याची वाट पाहणारी दोन मुले होती. मुले वही उघडून एकमेकांना प्रश्न विचारत होती. बाईने मला विचारले, “कुणाची वाट बघताय, बाबा?” मी म्हणालो, “सासूबाईंच्या विरजणाची.” तिला त्यात काही नवल वाटले नाही. तिने मान हलवली आणि म्हणाली, “थंडीत तांदळाच्या डब्यात ठेवा भांडं, म्हणजे लागतं.” मग आम्ही दोघेही गाड्यांकडे पाहत बसलो. धुक्यातून एकेक गाडी आत येत होती, दारे उघडत होती, माणसे उतरत होती, आणि त्या दीड तासात मला एकदाही घड्याळ पाहावेसे वाटले नाही. ज्याची वाट पाहायची, ते निघालेले आहे आणि ते येणार आहे, हे ठाऊक असले म्हणजे वाट पाहणे किती भरलेले असते, हे मला तेव्हा कळले.

ध्वनिक्षेपकावर मेढ्याहून आलेल्या गाडीचा फलाट क्रमांक सांगितला गेला. त्या तरुणाने मधल्या गावांची सगळी नावे घेतली. गाडी वेळेवर आली होती. वाहक खाली उतरला, त्याच्या हातात फडक्यात बांधलेली लहानशी डबी होती. तो म्हणाला, “वहिनींनी सांगितलं होतं, हलवू नका म्हणून. मांडीवरच धरून आणली.” तिकिटे देत देत, उभ्या प्रवाशांच्या गर्दीत त्याने ती कशी सांभाळली असेल, देव जाणे. मी त्याचे हात हातात घेतले. त्यापलीकडे मला काही बोलता आले नाही.

त्या रात्री मी दूध उकळले आणि खुर्चीवर बसून राहिलो. करंगळी बुडवून दहापर्यंत मोजले, पुन्हा एकदा मोजले, मग विरजण लावले. मेथीवाल्या बाईने सांगितल्याप्रमाणे सट माझ्या जुन्या खाकी स्वेटरात गुंडाळून तांदळाच्या डब्यात ठेवला. पहाटे झाकण काढून सट थोडा कलता केला, तर आतले दही जागचे हलले नाही. कवडी दही लागले होते.

सव्वा महिन्याने पत्नी परत आली. मी तिला काहीही सांगितले नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने वाटीभर दही खाल्ले, वाटी खाली ठेवली आणि मला विचारले, “डबीला फडके कोणते बांधले होते?” वहिनींनी तिला त्याच दिवशी फोन करून सारे सांगितले होते आणि महिनाभर तिने त्याविषयी एक शब्द काढला नव्हता. मी ते फडके धुऊन, घडी घालून कपाटात ठेवले होते. ते काढून तिच्या हातात दिले. जुन्या इरकली लुगड्याच्या काठाचा तो तुकडा होता. तिने तो उलगडला, काठावरून बोट फिरवले, नाकाशी धरला, आणि बराच वेळ ती तशीच उभी राहिली.

मग तो तुकडा माझ्याकडे परत देत ती म्हणाली, “आईचं आहे. कपाटात नका ठेवू, रोज सटावर बांधत जा.”

तेव्हापासून विरजण लावून झाले की मी सटाच्या तोंडावर ते फडके बांधतो.