दहाची गोळी दहालाच

नमस्कार मंडळी. भाजी निवडत ऐकत असाल तर निवडा खुशाल, फक्त आवाज जरा वाढवा, कारण आज गोळ्यांच्या वेळांबद्दल बोलायचंय आणि मी मधे मधे तेच तेच परत सांगणार आहे, कंटाळू नका. मी ३२ वर्षं सिस्टर होते, बरीच वर्षं ऑर्थो म्हणजे हाडांच्या वॉर्डात आणि शेवटी मेडिसिनला, आणि मेंदूच्या आजाराचे पेशंट दोन्हीकडे यायचेच. आज मुख्य बोलणार कंपवाताबद्दल, म्हणजे पार्किन्सन्स.

हात थरथरतो तो आजार, एवढं सगळ्यांना माहीत असतं. पण काहींचा हात थरथरतच नाही, नुसतं अंग ताठरतं, पावलं लहान पडतात, चेहरा एकसारखा दगडासारखा होतो आणि घरच्यांना वाटतं हे रागावलेत. १८१७ साली लंडनच्या जेम्स पार्किन्सन नावाच्या डॉक्टरांनी यावर पहिल्यांदा नीट लिहिलं, फक्त सहा जणांवर, आणि त्यातले काही तर त्यांनी रस्त्यात चालताना बघितलेले होते. मला हे फार आवडतं. ना स्कॅन, ना रक्ततपासणी, माणूस चालतो कसा, उठतो कसा ते बघत राहायचं. नर्सिंगच्या मुलींना मी हेच सांगायचे, आधी पेशंटकडे बघा मग मशिनकडे, हल्ली मॉनिटरचा आकडा लिहितात आणि पेशंटचा चेहरा बघायचा राहतो. असो.

तर मेंदूत डोपामिन, म्हणजे हालचालींना लागणारं रसायन, कमी पडतं, लेव्होडोपाची गोळी ते भरून काढते, जोडीला कार्बिडोपा असतं ते लेव्होडोपा वाटेतच खर्च होऊ नये म्हणून. आणि ही गोळी शुगर-बीपीच्या गोळीसारखी दिवसभर पुरत नाही, काही तासांत उतरते, आजार जुना झाला की अजून लवकर. उतरली की माणूस जिथे आहे तिथे थांबतो. म्हणून वेळ. डोस तर महत्त्वाचा आहेच, पण वेळ.

आता एक गोष्ट सांगते, आजचं बोलणं मी खरं तर हिच्यासाठीच स्वीकारलं.

पंचवीसेक वर्षं झाली असतील. आमच्या ऑर्थो वॉर्डात एक काका ॲडमिट झाले, एसटीतून रिटायर झालेले ड्रायव्हर, पहाटे मोरीत घसरून पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. (मोरीत गुळगुळीत टाइल्स कशाला बसवता हो, दिसायला छान दिसतं पण म्हाताऱ्या माणसांच्या घरात खडबडीत फरशीच पाहिजे, हे मी दरवेळी सांगते आणि सांगत राहणार.) बरोबर काकू, हातात कापडी पिशवी आणि पिशवीत दोनच वस्तू होत्या, बिस्किटांचा पत्र्याचा जुना डबा आणि गजराचं घड्याळ. ते वरती दोन घंटा असलेलं, किल्लीचं. डब्यात गोळ्या, झाकणाला आतून चिकटवलेला कागद आणि त्यावर मुलाच्या अक्षरात सहा, दहा, दोन, सहा.

मी ड्युटीवर होते. वॉर्डाचा नियम होता की पेशंटजवळ औषधं ठेवायची नाहीत, तर मी डबा घेतला आणि कपाटात ठेवून कुलूप लावलं. काकू म्हणाल्या, सिस्टर, वेळा चुकवू नका हं. मी म्हटलं, काळजी करू नका. आणि चार्टवर लिहिलं दिवसातून तीन वेळा, कारण आमची औषधांची ट्रॉली तीन वेळा फिरायची, आठ, दोन आणि आठ. सहा-दहा-दोन-सहाचं झालं आठ-दोन-आठ. एक गोळी तर गेलीच आणि उरलेल्यांची वेळ गेली, आणि हे मी केलं, माझ्या हाताने, आणि तेव्हा मला त्यात काही चूक दिसली नाही.

दुसऱ्या दिवशी ऑपरेशन म्हणून रात्रीपासून उपाशी ठेवलं. सकाळची गोळी नाही. ऑपरेशन थिएटरमध्ये एक ॲक्सिडेंटची केस आली म्हणून काकांचा नंबर लांबला, दुपारची गोळी नाही. संध्याकाळी बाहेर आले तर गुंगीत, म्हणून रात्रीचीही नाही. पुढच्या सकाळी काका लाकडासारखे. कूस बदलायला तिघी लागलो. तोंड उघडेनात, पाणी कडेने ओघळायला लागलं, विचारलेलं कळत होतं कारण डोळे हलायचे पण उत्तर नाही. रिपोर्ट बुकात मी लिहिलं, पेशंट सहकार्य करत नाही. ते वाक्य मला अजून आठवतं. मग भुलीमुळे मळमळ सुरू झाली, उलटी झाली, नेहमीच्या ऑर्डरप्रमाणे उलटीचं इंजेक्शन दिलं, मेटोक्लोप्रमाइड. उलटी थांबली आणि काका अजूनच आखडले, संध्याकाळी ताप चढला, सगळ्यांना वाटलं जखमेत इन्फेक्शन.

आणि काकू. दोन दिवस त्या कॉटखाली बसलेल्या, घड्याळ मांडीवर. वॉर्डात आवाज नको म्हणून गजर बंद ठेवायला सांगितला होता, तर त्या काट्यांकडे बघून दर वेळेला उठून माझ्या टेबलापाशी यायच्या, सिस्टर दहा वाजले, सिस्टर दोन वाजले. मी म्हणायचे हो हो ट्रॉली येतेय. त्या रात्री त्या आल्या ते घड्याळ माझ्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाल्या, "ओ सिस्टर, इंजिन चांगलं आहे त्यांचं, डिझेल संपलंय. डिझेल तुमच्या कपाटात आहे."

ओरडल्या नाहीत, हात जोडले होते त्यांनी.

मी कपाट उघडलं, डबा काढला आणि झाकणाचा कागद पहिल्यांदा वाचला. मेडिसिनचे एक तरुण डॉक्टर नाइटला होते त्यांना बोलावलं, त्यांनी पुण्याला आपल्या सरांना फोन लावला, न्यूरोच्या. सरांनी पहिलं विचारलं, शेवटची गोळी कधी, आणि दुसरं विचारलं, उलटीला काय दिलं. दोन्ही उत्तरं ऐकून म्हणे ते काही क्षण बोललेच नाहीत. मग नाकातून नळी टाकली, साधी गोळी पाण्यात विरघळवून नळीतून दिली, सहा, दहा, दोन, सहा. ते इंजेक्शन बंद. सलाइन, तापाची काळजी, कूस बदलणं चालूच. पहिला दिवस विशेष काही नाही. दुसऱ्या दिवशी बोटं हलली. तिसऱ्या दिवशी दहाच्या गोळीनंतर पाऊण तासाने मी ड्रेसिंगला गेले तर काका बारीक आवाजात म्हणाले, चहा मिळंल का. नळी होती म्हणून चहा काही देता आला नाही, पण मी बाहेर जाऊन रडले, खरं सांगते.

त्यानंतर माझ्या वॉर्डात कंपवाताचा पेशंट आला की कार्डेक्सवर, म्हणजे सिस्टरांच्या नोंदीच्या कार्डावर, लाल पेनाने घरच्या वेळा लिहायच्या, ट्रॉलीच्या नाहीत, आणि त्या गोळ्यांपुरतं ट्रॉलीची वाट बघायची नाही. नंतर कळलं की ब्रिटनमध्ये तर आता ठरवूनच टाकलंय, हॉस्पिटलात लेव्होडोपा ठरलेल्या वेळेच्या अर्ध्या तासाच्या आत मिळालीच पाहिजे. आपल्याकडे एका सिस्टरवर चाळीस-चाळीस पेशंट असतात तेव्हा हे कसं जमायचं हा प्रश्न खरा आहे, आणि नर्सेसची भरती व्हायला पाहिजे हे मी जिथे माइक मिळेल तिथे बोलणार. पण तोवर नातेवाइकांनी घड्याळ धरून बसावं आणि सिस्टरने त्यांच्यावर चिडू नये.

वेळ कमी राहिलाय, आता भराभरा सांगते.

गोळी जेवणाआधी अर्धा तास, पाण्याबरोबर. दुधाबरोबर नको. आपल्याकडे गोळी म्हटलं की दूध, पण दूध, पनीर, डाळ, अंडं यातली प्रथिनं आणि लेव्होडोपा शरीरात एकाच दारातून जायला बघतात आणि गोळी मागे पडते. म्हणून डाळ बंद करायची नाही, फक्त वेळ वेगळी. लोहाची गोळी सुद्धा वेगळ्या वेळेला. रिकाम्या पोटी फारच मळमळलं तर एखादं साधं बिस्कीट चालेल. परत सांगते, अर्धा तास आधी, पाण्याबरोबर, दूध नको.

गोळीच्या नावापुढे सीआर असेल, म्हणजे हळूहळू विरघळणारी असेल, तर ती चुरायची नाही, चावायचीही नाही. गिळताना बसवून, पाठ सरळ, हनुवटी किंचित खाली. झोपवून पाणी पाजू नका, ठसका लागून छातीत जातं.

उठताना बीपी पडतं. आधी कॉटच्या कडेला पाय सोडून बसायचं, दोन मिनिटं, मग उभं. रात्री लघवीला उठताना तर नक्कीच. लघवीचा किंवा घामाचा रंग गडद दिसला तर घाबरू नका, गोळीने होतं. पण घरात नसलेली माणसं दिसायला लागली, कोपऱ्यात मुलं बसलीत असं म्हणायला लागले, किंवा आयुष्यात कधी नाही ते लॉटरीवर, खरेदीवर पैसे उडवायला लागले, तर त्यांना वेडं ठरवू नका, खोटं पाडू नका, डॉक्टरांना सांगा, या औषधांनी तसं होऊ शकतं. गोळी मात्र आपल्या मनाने बंद नाही. एकदम बंद केली तर काय होतं ते आत्ता सांगितलंच. फिटच्या गोळीचंही तसंच, दोन वर्षं फिट आली नाही म्हणून घरीच थांबवली आणि एकामागून एक फिट्स घेऊन कॅज्युअल्टीत आलेली पोरं मी बघितलीत.

खाजकुइलीची पावडर कोणी देत असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. तिच्या बियांत लेव्होडोपाच असतं, म्हणजे नकळत डोस वाढतो.

आणि हे सगळं घरातल्या सुनेनेच का करायचं? गोळ्यांच्या वेळा मुलालाही पाठ पाहिजेत, नातवाला पण.

ऑपरेशन असेल तर भूलतज्ज्ञांना आधीच विचारा, सकाळची गोळी घोटभर पाण्याबरोबर देऊ का. बहुतेकदा देता येते. आणि एक कागद करून ठेवा, पाकिटात कायम. त्यावर गोळीचं नाव, म्हणजे कंपनीने ठेवलेलं नाही, आतल्या औषधाचं मूळ नाव, आणि घड्याळाच्या वेळा. (केमिस्ट स्ट्रिप कात्रीने कापून देतात आणि नेमकं तेच नाव आणि एक्स्पायरी कापली जाते, अख्खी स्ट्रिप मागून घ्या.) त्याखाली लिहा, ही औषधं देऊ नयेत: मेटोक्लोप्रमाइड, प्रोक्लोरपेराझिन, हॅलोपेरिडॉल. पहिली दोन उलटीची, तिसरं पेशंट रात्री बडबडायला, ओढाताण करायला लागला की देतात. पेन मिळालं का? सावकाश सांगते. मेटो-क्लोप्र-माइड. प्रो-क्लोर-पेराझिन. हॅलो-पेरिडॉल. त्यांच्याऐवजी काय द्यायचं ते डॉक्टर ठरवतील, तुम्ही फक्त कागद पुढे करा.

दहाला सहा मिनिटं कमी आहेत. ज्यांच्या घरात दहाची गोळी आहे त्यांनी आता उठा, कागद नंतर लिहा, आधी पेल्यात पाणी घ्या आणि त्यांना बसतं करा.